नावावर जाऊ नका, नळी उघडून बघा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

शस्त्र परवाना मंजूर झाला की घरात पहिली चर्चा एकच होते: नवे घ्यायचे की जुने विलायती? आणि जुने म्हटले की बहुतेकांच्या तोंडी नाव येते बर्मिंगहॅमच्या वेब्ले या इंग्रजी कंपनीचे. स्वसंरक्षणासाठी परवाना मिळालेल्या माणसाने पन्नास-सत्तर वर्षे वापरलेले .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घ्यावे का, आणि घ्यायचेच तर ते कसे पारखावे, हे समजावून सांगणारे माणूस सहसा भेटत नाही. विकणारा ब्रँड सांगतो, घेणारा चकाकी बघतो आणि लाखांचा व्यवहार काउंटरवर पाच मिनिटांत उरकतो. खोट कळते ती नंतर, झाडलेल्या काडतुसाची पहिली पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीत, अडकून बसल्यावर. म्हणून हे सविस्तर पत्र.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. जुने .३२ घेण्यात गैर काही नाही. पण बर्मिंगहॅमचा शिक्का हा त्या हत्याराच्या तब्येतीचा दाखला नव्हे. तपासणीला दोन तास देण्याची आणि शेवटी ‘नको’ म्हणण्याची ज्याची तयारी नाही, त्याने नवेच घ्यावे.

भाव इतके का चढले, ते एकदा समजून घेतले की भुरळ निम्मी उतरते. १९८० च्या दशकात खासगी व्यक्तींसाठी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे देशात असलेली विलायती रिव्हॉल्व्हरे तेवढीच राहिली आणि हातोहात फिरत राहिली. वेब्ले अँड स्कॉटने बर्मिंगहॅममध्ये बंदुका-रिव्हॉल्व्हरे बनवणे १९७९ मध्ये थांबवले, म्हणजे त्या कारखान्यातला अगदी शेवटचा तुकडाही आज पंचेचाळीस वर्षांपेक्षा जुना आहे. किंमत चढते ती या टंचाईची, पोलादाच्या गुणाची नव्हे. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मर्यादा आली. ज्यांच्याकडे तीन होती त्यांना एक सोडावे लागले. आजोबांचे रिव्हॉल्व्हर विक्रेत्याच्या कपाटात येऊन पडते ते बरेचदा अशा वाटेने, किंवा वारसांपैकी कोणालाच परवाना नको असतो म्हणून. अशा हत्यारांत काही खरोखर उत्तम असतात. काही चाळीस वर्षे चामड्याच्या पाकिटात कुजलेली असतात.

आणखी एक गोष्ट बदलली आहे. २०२० पासून उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात संडीला इथे वेब्ले अँड स्कॉटच्याच नावाने .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागले. त्यामुळे ‘वेब्ले आहे’ एवढे ऐकून समाधान मानू नका. कुठले, कोणत्या काळातले, हे नळीवर आणि सांगाड्यावर कोरलेल्या अक्षरांवरून वाचून घ्या. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्व्हरही वेब्लेच्या मार्क ४ या नमुन्यावरूनच बेतलेले आहे. लांबून तिन्ही सारखी दिसतात.

पहिला प्रश्न बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा, आणि इथे चूक झाली तर पुढचे सगळे व्यर्थ. आपल्याकडे सर्वसामान्य परवान्यावर चालते ते .३२. ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ ची कडेवाली काडतुसे बसतात आणि उडतात, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. वेब्लेचा मार्क ४ हा नमुना .३८ मध्येही बनला आणि .३२ मध्येही, बाहेरून चेहरामोहरा तोच. एनफिल्डचे लष्करी रिव्हॉल्व्हर तर .३८० चेच. विकणारा काय म्हणतो ते ऐका, पण व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचे साधन, लावा. .३२ च्या चेंबरचे मागचे तोंड साधारण ८.६ मिलिमीटर भरते, .३८ चे ९.८ च्या पुढे. फरक सव्वा मिलिमीटरचा आहे, लपत नाही. नळीच्या तोंडाशी किंवा चेंबरच्या तोंडाशी आत बारीक वर्तुळाकार जोड दिसला, जणू एका नळीत दुसरी नळी बसवली आहे, तर ते मोठ्या बोअरचे हत्यार अस्तर घालून .३२ केलेले असण्याची शक्यता आहे. असे हत्यार कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका. निषिद्ध बोअरचे हत्यार बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे आहे.

.३२ मध्येही पोटभेद आहेत, आणि ते विकणाऱ्यालाही ठाऊक असतातच असे नाही. आपल्याकडे मिळते ते काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, पुंगळीची लांबी सुमारे २३.४ मिलिमीटर. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला बनलेली कित्येक छोटी, मधून मोडणारी (म्हणजे बिजागरीवर उघडणारी) अमेरिकी रिव्हॉल्व्हरे आखूड .३२ साठी होती, जिची पुंगळी फक्त १५.४ मिलिमीटरची. त्यांच्या चक्रीत, म्हणजे चेंबर असलेल्या फिरत्या भागात, लाँग काडतूस पूर्ण बसत नाही, गोळी चक्रीच्या पुढे डोकावते आणि चक्री फिरत नाही. आखूड काडतूस कुठे मिळेल हे आधी शोधा. नाही मिळाले तर तुमच्या हातात लाखांचा पेपरवेट आहे. त्यांतली बरीच तर काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेली, आजच्या धूरविरहित दारूसाठी नव्हेत.

उलट चूकही होते. पिस्तुलाचे .३२ ऑटो काडतूस काही रिव्हॉल्व्हरांत सरकून बसते, म्हणून ‘हे पण चालतं’ असे सांगितले जाते. चालत नाही. ऑटोचा कमाल दाब प्रति चौरस इंच २०,५०० पौंड, लाँगचा १५,०००. शिवाय ऑटोची कड अरुंद असल्याने ती चक्रीच्या काठावर नीट टेकत नाही. जुन्या हत्याराला हे काडतूस दाखवूसुद्धा नये.

आता कागद. हत्यार हातात घेण्याआधी परवाना बघा, आपला आणि विकणाऱ्याचा, दोन्ही. परवान्यावर युनिक ओळख क्रमांक आहे का, मुदत चालू आहे का, हत्याराचा प्रकार, बोअर, बनावट आणि क्रमांक अक्षरशः जुळतो का. एक आकडा इकडचा तिकडे असला तरी दुरुस्ती विकणाऱ्याने करून आणायची, आपण नाही. वेब्लेवर क्रमांक सांगाड्यावर असतो, आणि नळी व चक्रीवरही असतो. तिन्ही ठिकाणचे आकडे भिंगाखाली वाचा. सोनार वापरतो ते दहा पटीचे भिंग पुरते. चक्रीचा क्रमांक वेगळा निघाला तर चक्री दुसऱ्या हत्याराची आहे, आणि तिचे जुळणे पुढच्या तपासणीत दुप्पट काळजीने बघावे लागते. सांगाड्यावरचा क्रमांक घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा पुसट केलेला वाटला तर तिथेच थांबा. ओळखचिन्ह नसलेले हत्यार विकता वा हस्तांतरित करता येत नाही. शस्त्र कायद्याचे कलम ८ त्यासाठीच आहे.

परवानाधारक विक्रेत्याकडून घेतले तर बिलावर क्रमांक, बोअर, बनावट लिहून घ्या आणि परवान्यावर नोंद व शिक्का लगेच करून घ्या. खासगी माणसाकडून घेत असाल तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला, विकण्याचा हेतू आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता लेखी कळवायचे असते, आणि कळवल्यापासून ४५ दिवस उलटल्याशिवाय हत्यार द्यायचे नसते. मधल्या काळात ‘घेऊन जा हो, कागद होत राहतील’ म्हणणाऱ्याचे ऐकलेत तर विनापरवाना हत्यार बाळगल्याचा गुन्हा तुमच्यावरही दाखल होऊ शकतो. प्रत्यक्षात परवाना देणाऱ्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊच नयेत. आयुक्तालयाच्या हद्दीत ते कार्यालय पोलीस आयुक्तांचे, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचे. विसार द्यायचाच असेल तर पावतीवर एक ओळ लिहून घ्या: तपासणीत नापास झाल्यास किंवा परवानगी न मिळाल्यास विसार परत. परराज्यातून आणायचे असेल तर आपल्या परवान्याची हद्द आधी वाचा, नाहीतर वाटेतच अडकाल.

‘फार जुने आहे, अँटिक आहे, परवाना लागत नाही’ हे वाक्य ऐकू आले तर सावध व्हा. कायद्यातली पुराण्या हत्याराची सूट ही दुरुस्त करूनही जे कधीच उडू शकणार नाही अशा वस्तूसाठी आहे. जे चालते आणि चालवायचे आहे म्हणून तुम्ही घेत आहात, त्याला ही सूट लागू नाही.

आता मूळ विषय, तपासणी. बरोबर काय न्यावे? फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, जो स्कूटर दुरुस्त करणाऱ्याकडेही असतो. व्हर्नियर. छोटी टॉर्च, भिंग, पांढऱ्या कागदाचा तुकडा, सुती चिंध्या आणि सफाईची सळई. सर्वांत महत्त्वाची म्हणजे .३२ ची सहा स्नॅप कॅप, म्हणजे आत दारू नसलेली नकली काडतुसे. खरे काडतूस या तपासणीत खोलीतसुद्धा नको. आधी रिव्हॉल्व्हर मोडून, म्हणजे उघडून, सहाही चेंबर रिकामे आहेत हे स्वतः बघा, दुसऱ्याला बघायला लावा, मगच पुढे. आणि रिकामा चाप सटासट ओढून बघायची सवय सोडा. जुन्या वेब्लेत फायरिंग पिन घोड्याच्या नाकावरच असते, आणि कोरडे ठोके मारून तिचे टोक तुटते. ती पुढे हाताने घडवून घ्यावी लागते.

बाहेरून सुरुवात करा, पण चकाकीला भुलू नका. उलट जुन्या हत्याराची जास्त चकाकी हाच पहिला इशारा समजा. मूळ निळा मुलामा कडांवर झिजलेला असतो, तो चालतो. पॉलिश करून नव्याने निळे केलेले असेल तर कडा गोल झालेल्या दिसतात, कोरीव अक्षरे उथळ आणि पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खड्डा पडतो. बफिंगच्या चाकाने हे होतेच. मुलाम्याखाली बारीक खळगे दिसले तर गंज घासून वर रंग चढवला आहे. निकेलचा मुलामा तर सगळेच झाकतो. स्क्रूंच्या खाचा बघा. मारलेल्या, फाटलेल्या खाचा सांगतात की चुकीच्या पेचकसाने कोणीतरी आत हात घातला होता. मुठीच्या पट्ट्या काढायची परवानगी मागा, कारण सांगाड्याच्या ज्या भागावर हाताचा घाम पट्टीखाली मुरतो, तिथला गंज कोणी साफ करत नाही. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्या हत्यारात ही जागा हमखास बोलते. चामड्याच्या पाकिटात वर्षानुवर्षे ठेवलेल्या हत्याराच्या एकाच बाजूला खळगे असतात. चामडे कमावताना वापरलेले क्षार आणि पावसाळ्यातली दमट हवा, दोन्ही मिळून हे काम करतात.

नळीवरची अक्षरे वाचताना एक फसगत टाळा. ‘.३२ स्मिथ अँड वेसन’ असे कोरलेले असले म्हणजे ते त्या कंपनीने बनवले असे नव्हे. ते काडतुसाचे नाव आहे. स्पेनमधल्या एइबार भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपन्यांच्या नकला भरपूर बनल्या, आणि त्यांतल्या अनेकांचे पोलाद मऊ आहे, आतले भाग लवकर झिजतात. इंग्लंडमध्ये तपासून विकल्या गेलेल्या परदेशी हत्यारांवर ‘नॉट इंग्लिश मेक’ असा ठसाही सापडतो. तो विकणाऱ्याच्या बोटाखाली झाकलेला असू शकतो, बोट बाजूला करायला सांगा. बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाचे मुकुटाचे ठसे नळीवर आणि चक्रीच्या प्रत्येक चेंबरवर शोधा. मुकुटाखाली एन आणि पी ही अक्षरे असतील तर ते धूरविरहित दारूच्या दाबासाठी तपासलेले आहे. हा ठसा नसेल तर हत्यार फार जुने असेल, किंवा त्याचा तो भाग नंतर बदललेला असेल.

नळीत मागून पांढरा कागद धरा आणि पुढून बघा. त्याआधी चिंधी फिरवून तेल काढायला सांगा, कारण घट्ट तेलाने खळगे झाकले जातात. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे मागे जिथे ठोका बसतो त्या भागात, क्षारयुक्त मसाला असे. गोळी झाडून त्याच दिवशी पाण्याने धुतले नाही तर नळी आतून गंजत असे. त्यामुळे गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांच्या खाचांत काळे ठिपके बऱ्याच नळ्यांत सापडतात. थोडे चालतील. पण आट्यांच्या कडाच गोल झाल्या असतील तर नळी संपली. टॉर्च हळूहळू फिरवताना मध्येच एक काळी अंगठी दिसली तर ती खूण फार गंभीर आहे: कधीतरी कमकुवत काडतुसाची गोळी नळीत अडकली आणि पाठोपाठ दुसरी झाडली गेली. नळी त्या जागी फुगते. बाहेरून बोट फिरवले तर उंचवटा लागतोही. अशी नळी दुरुस्त होत नाही, बदलावी लागते, आणि बदलायला वेब्लेची नळी आणणार कुठून?

मोजमापाची हौस असेल तर मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून मोजतात. पण लक्षात ठेवा, वेब्लेच्या नळीला सात खाचा असतात, स्मिथ अँड वेसनच्या .३२ ला पाच. विषम संख्येमुळे खाचेसमोर खाच येत नाही, आणि साध्या मायक्रोमीटरने मोजलेला व्यास कमीच भरतो. व्ही आकाराचा मायक्रोमीटर नसेल तर त्या आकड्यावर भरवसा नको. नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथे गोळी चक्रीतून नळीत शिरते, तिथे एकाच बाजूला शिसे साचलेले असेल तर चेंबर नळीच्या रेषेत येत नाही आणि गोळी दर वेळी कडेने खरवडली जाते. हे शिशाचे कण बाजूला उभ्या माणसाच्या अंगावर उडतात. त्याच तोंडाला केसासारखी भेग आहे का, ते भिंगाने बघा.

मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे हृदय बिजागरीत आणि वरच्या खटक्यात आहे, आणि वेब्ले विकत घेणारे नेमके हेच बघत नाहीत. बंद करा. एका हातात मूठ, दुसऱ्या हातात नळीचे टोक धरून वर-खाली आणि आडवे हलवून पाहा. किंचितही टकटक नको. रिकिबीच्या आकाराचा खटका वर्षानुवर्षे झटक्याने बंद करून झिजतो. सिनेमात दाखवतात तसे मनगटाच्या हिसक्याने बंद करणाऱ्यांनी कित्येक चांगली रिव्हॉल्व्हरे खराब केली आहेत. झीज लपवायला खटक्याच्या पोटात वेल्डिंगचा थर चढवतात किंवा पातळ पत्रा घालतात. रंगात फरक दिसला, घासल्याचे ताजे ओरखडे दिसले तर नाही म्हणा. खटका आणि बिजागरी ढिली असेल तर प्रत्येक बारासरशी नळी वर उचलली जाते आणि चक्री-नळीतली फट रुंदावत जाते. ही झीज थांबत नाही, वाढतच जाते. कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसनसारखा चक्री बाजूला उघडणारा नमुना याबाबतीत जास्त मजबूत. वापरासाठी जुनेच घ्यायचे असेल तर आमचा कौल तिकडे आहे.

आता ती फट. चक्रीचा पुढचा चेहरा आणि नळीचे मागचे तोंड यांच्यामध्ये फीलर गेजची पाती घाला. सहाही चेंबरांवर, कारण चक्री वाकडी असेल तर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा येतो. ०.१० ते ०.२० मिलिमीटर उत्तम. ०.२५ च्या पुढे गेले तर वेग घटतो, बाजूला जाळ आणि शिसे उडते. ०.३० च्या पुढचे हत्यार सोडून द्या. मग चक्री बोटांनी पुढे-मागे ढकला. जाणवण्याइतका प्ले म्हणजे झीज. ०.०५ मिलिमीटरपर्यंत ठीक, ०.१२ च्या वर नको. फट मोजताना चक्री मागे दाबून मोजायची. पुढे ढकलून मोजली तर फट कमी दाखवते, आणि असे मोजून दाखवणारे भेटतात.

चक्री वेळेवर अडकते का, हे पाहायची रीत अशी. सहा स्नॅप कॅप भरा. चक्रीवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढायच्या आधी किंवा चढता चढता चक्री खटकन अडकली पाहिजे. घोडा चढला तरी चक्री अजून फिरवता येत असेल तर ती उशिरा येते, म्हणजे चक्री फिरवणारा पंजा किंवा चक्रीच्या पाठीचे दाते झिजले आहेत. असे सहा वेळा. मग दुहेरी चालीने, म्हणजे घोडा न चढवता फक्त चाप ओढून, पुन्हा सहा वेळा. एकूण बारा. एक चेंबर जरी चुकले तरी ते नापास, कारण प्रत्यक्षात गोळी कोणत्या चेंबरमधून सुटणार हे तुम्ही ठरवणार नसता. चाप पूर्ण ओढून धरा आणि चक्री डावी-उजवी हलवा. थोडा श्वास असतो, पण डुलता कामा नये. चक्रीवर पडलेली गोल रेघ सामान्य आहे, पण अडकायच्या खाचांचे काठ चेपून बाहेर आले असतील तर ती फार जोराने हाताळली गेली आहे. याच खाचांच्या खाली चेंबरची भिंत सर्वांत पातळ असते. भेग जाते ती तिथूनच, म्हणून सहाही खाचा भिंगाखाली घाला.

घोडा चढवा, बोट चापापासून दूर ठेवा, आणि अंगठ्याने घोडा पुढे रेटा. माफक जोराने. घसरून पडला तर त्याची खाच झिजली आहे किंवा चाप ‘हलका’ करण्यासाठी कोणीतरी ती घासली आहे. हा दोष जीवघेणा आहे, त्याला भाव कमी करून घेणे हे उत्तर नव्हे. मग घोडा खाली, चाप मोकळा: घोडा अंगठ्याने पुढे दाबून मागून बघा. फायरिंग पिनचे टोक चक्रीमागच्या पाटीतून बाहेर येता कामा नये. कोल्टने १९०७ च्या सुमारास पॉझिटिव्ह लॉक आणले आणि स्मिथ अँड वेसननेही पुढे अडसर सुधारला, तो याचसाठी. ज्या जुन्या नमुन्यात असा अडसर नाही, तिथे घोड्याखालचे चेंबर कायम रिकामे ठेवायचे, म्हणजे ते पाच बारांचेच हत्यार समजायचे. हत्यार हातातून पडले आणि सुटले, असे अपघात बरेचदा याच कारणाने होतात.

मुख्य स्प्रिंगही विसरू नका. वेब्लेत ती चपटी, व्ही आकाराची असते, आणि घोडा व चापाची परत फेर दोन्ही तिच्यावरच अवलंबून. ती दमली तर टोपीवर ठोका हलका बसतो आणि काडतूस फुसके जाते. ती तुटली तर रिव्हॉल्व्हर जागच्या जागी थांबते. चाप सोडल्यावर तो झटकन पुढे येतो की रेंगाळतो, यावर लक्ष ठेवा. रेंगाळत असेल तर आधी आतले जुने, गोंद झालेले तेल हे कारण असू शकते, सफाईने सुटते. पण सफाई विकणाऱ्याने करून दाखवावी.

उघडताना पुंगळ्या बाहेर फेकणारा तारा सहाही स्नॅप कॅप उचलून खाली झटकन बसतो का, हे चार-पाच वेळा करून बघा. मध्येच अडकला, किंवा एखादी पुंगळी त्याच्याखाली शिरली, तर बंद करताना रिव्हॉल्व्हर जाम होते. चेंबरच्या आत, पुढच्या भागात काजळीची कडक अंगठी असेल तर तिथे आखूड काडतुसे फार झाडली गेली आहेत. लाँग पुंगळी त्या अंगठीपाशी अडते आणि झाडल्यावर चिकटून बसते. ही मात्र बहुतेक वेळा पितळी ब्रशने निघते. त्यासाठी सौदा मोडायचे कारण नाही.

प्रत्यक्ष बार करून पाहायचे ते परवानगी असलेल्या रेंजवर किंवा परवानाधारक विक्रेत्याच्या तशा सोयीतच, आणि ताज्या काडतुसांनी. झाडलेल्या सहाही पुंगळ्या मागून घ्या आणि बघा. टोपीवरचा ठोका मध्यभागी आहे का, टोपी फुगून मागे सरकली आहे का, पुंगळीच्या कुशीत फुगवटा वा चीर आहे का. कडेची जाडी सुमारे १.४ मिलिमीटर असते, आणि तिच्यामागे फट जास्त असेल तर टोपी मागे ढकललेली दिसते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, पुंगळीच सांगते.

काडतुसांची गोष्ट निघालीच आहे तर: हत्याराबरोबर फुकट मिळणारी जुनी काडतुसे घेऊ नका. ती परवान्यावर चढवायलाही अडचण, आणि दमट कपाटात राहिलेल्या काडतुसानेच गोळी नळीत अडकते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या शिक्क्याची ताजी काडतुसे, बिलासकट, परवान्यावर मंजूर असतील तितकीच घ्या.

दुरुस्तीबद्दल दोन शब्द. ‘जरा पंजा बदलला की झालं’ म्हणणाऱ्याला विचारा, पंजा कुठे आहे? सुटे भाग मिळत नाहीत, हाताने घडवावे लागतात, आणि कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचे भाग दिसायला सारखे असले तरी जुन्या वेब्लेत तसेच बसतील असे नाही. दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराकडेच करायची, ओळखीच्या लेथवाल्याकडे नाही. तसे करणे दोघांसाठीही गुन्हा आहे. नळी कापून आखूड करणे हाही. म्हणून हिशेब असा मांडावा: मुलामा, मुठीची पट्टी, एखादा स्क्रू, काजळी, यांसाठी भाव पाडून घेता येतो. खटक्याचा ढिलेपणा, चक्रीची वेळ, घसरणारा घोडा, फुगलेली नळी, भेग, पुसलेला क्रमांक, यांसाठी भाव नसतो, नकार असतो.

घरात वडिलांचे चांगले राखलेले .३२ असेल, तर बाहेर लाखो मोजण्याआधी तो मार्ग पाहा. शस्त्र नियम २०१६ मधील नियम २५ प्रमाणे परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा हत्यार २५ वर्षे बाळगले, तर हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. तपासणी मात्र त्याचीही वरच्यासारखीच करायची. वडिलांचे आहे म्हणून झिजलेली खाच धारदार होत नाही.

शेवटी एक बारीक पण दर निवडणुकीला कामाची गोष्ट. आचारसंहितेच्या काळात हत्यार जमा करावे लागले तर ते चामड्याच्या पाकिटात देऊ नका. नळीत आणि सहाही चेंबरांत पातळ तेलाची चिंधी फिरवून, बाहेरून पुसून, सुती फडक्यात गुंडाळून द्या. पावतीवर क्रमांकासोबत ‘नळी स्वच्छ, गंज नाही’ एवढे लिहून घेण्याचा आग्रह धरा. परत मिळाल्यावर घरी नेण्याआधी तिथेच मोडून आत बघा. दोन महिने कोरड्या कपाटात काही होत नाही, पण पावसाळ्यात आठ दिवसही पुरतात.

कळावे,

आपला,
एक परवानाधारक शस्त्र दुरुस्ती कारागीर,
कोल्हापूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)